डोकं चपटं दिसतंय? आधी मान बघा

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे. पहिलाच. ३६व्या आठवड्यात झाला. बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी होते, दीड महिन्यापूर्वी ऐरोलीला परत आले. इथे अंघोळ घालताना लक्षात आलं की डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय. वरून पाहिलं तर उजवा कानही जरा पुढे सरकल्यासारखा वाटतो. झोपेत तोंड कायम उजवीकडे. सरळ केलं की परत तिकडेच. सासूबाईंनी मोहरीची उशी शिवली आहे, मी ती वापरत नाही म्हणून त्या नाराज आहेत. मालिशवाल्या मावशी म्हणतात, रोज दाबून गोल करून देते. नणंदेनं बंगळुरूहून हेल्मेटची माहिती पाठवली आहे. १४ आठवड्यांच्या लशीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, तर 'होईल नीट, कूस बदलत राहा' एवढंच म्हणाले. बाहेर रांग होती. मी त्याला उताणं झोपवते म्हणून हे झालं का? पालथं झोपवू का? मेंदूवर परिणाम होईल का? दोन महिन्यांनी मी कामावर रुजू होणार, तो पाळणाघरात राहील. घरात जावळाचं चाललंय, पण केस काढले की सगळ्यांना दिसेल म्हणून मीच ते पुढे ढकलतेय.
— एक आई, ऐरोली

उत्तर : पालथं झोपवू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी, कारण पत्र पाठवून उत्तर येईपर्यंतच्या रात्रींत घरातल्या कुणीतरी तो प्रयोग करून बघितलेला असतो.

पाठीवर झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेत अचानक होणारे मृत्यू कमी होतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याच काळात तिथल्या दवाखान्यांत मागून चपट्या डोक्याची बाळं जास्त येऊ लागली, हेही खरं. म्हणजे तुमची शंका अगदीच निराधार नाही. पण उताणं झोपवणं ही चूक नाही. अडचण झाली ती एकाच जागेवर टेकून राहिल्यामुळे, आणि ती जागा बदलता येते. डोक्याचा आकार मागाहून सुधारतो. श्वास अडकला तर मागाहून काही करता येत नाही. तेव्हा रात्री असो वा दुपारी, झोप उताणीच.

या वयात कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, त्यांच्यामध्ये शिवणी मोकळ्या असतात, कारण आत मेंदू भराभर वाढत असतो. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिले तीन महिने तो दर महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरनं वाढतो. वेलीवरचा भोपळा जमिनीला टेकलेल्या बाजूनं चपटा होतो, तसंच हे. टेकलेल्या बाजूला वाढायला वाव नाही, म्हणून वाढ दुसरीकडे वळते. चपट्या बाजूचा कान पुढे ढकलला जातो, कधी त्याच बाजूचं कपाळही थोडं पुढे येतं. तुम्ही वरून पाहिलंत आणि कानाचंही लिहिलंत, ते फार उपयोगी पडलं. उजवीकडे चपटं आणि उजवाच कान पुढे, ही खूण दाबानं आलेल्या चपटेपणाची आहे. शिवण वेळेआधी जुळण्याचा एक दुर्मिळ आजार असतो, त्यात चित्र वेगळं दिसतं. त्याबद्दल खाली लिहिते.

मेंदूबद्दल. कवटी एका बाजूनं चपटी झाली म्हणून मेंदू दाबला जात नाही. तो उपलब्ध जागेत हवा तसा वाढतो. अशा काही मुलांमध्ये मान धरणं, पालथं पडणं थोडं उशिरा दिसतं, ते वाचून आया घाबरतात. पण चपटेपणामुळे उशीर होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट जे बाळ मुळात कमी हलतं ते एका जागी जास्त पडून राहतं आणि त्याचं डोकं चपटं होतं, हे मला जास्त पटतं. तुमचं बाळ चार आठवडे आधी आलंय. त्यामुळे त्याची हालचाल साडेतीन नव्हे, अडीच महिन्यांच्या बाळाशी ताडून बघा. शेजारच्या मुलाशी तर नकोच.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य डोक्याबद्दलचं नाही. 'सरळ केलं की परत तिकडेच' हे ते वाक्य. चपटेपणा घेऊन येणाऱ्या बऱ्याच बाळांची खरी तक्रार मानेत असते. कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या हाडापर्यंत एक स्नायू येतो. पोटात दाटीनं बसल्यामुळे किंवा प्रसूतीत ताण आल्यामुळे तो एका बाजूला आखडलेला असू शकतो. डावा स्नायू आखडला की डोकं डाव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी उजवीकडे वळते. मग बाळ उजवीकडे बघत पडून राहतं, आणि उजवी बाजू चपटी होते. तुमचं वर्णन यात चपखल बसतं.

घरी असं बघा. बाळ जागं आणि खुशीत असताना त्याला सपाट जागी उताणं ठेवा. एका हातानं त्याचे खांदे हलकेच खाली टेकवून ठेवा, नाहीतर मान वळत नसली की बाळ अख्खं अंग वळवून आपल्याला फसवतं. चेहऱ्यासमोर वीत-दीड वीत अंतरावर खुळखुळा किंवा तुमचा स्वतःचा चेहरा धरा आणि सावकाश उजवीकडे न्या, मग डावीकडे. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखी जायला हवी. डावीकडे अर्ध्यावरच अडली, बाळ कुरकुरलं किंवा नुसते डोळे वळले आणि मान जागेवर राहिली, तर मान आखडलेली आहे असं धरून चाला. दुसरी खूण तुमच्या मोबाइलमध्येच आहे. गेल्या दोन महिन्यांतले फोटो एकापाठोपाठ बघा. बहुतेक फोटोंत डोकं एकाच खांद्याकडे कललेलं असेल तर तो योगायोग नाही. मानेच्या बाजूला छोटी घट्ट गाठ लागली तरी हादरू नका. ती त्याच स्नायूतली असू शकते आणि बहुधा काही महिन्यांत विरते. पण डॉक्टरांना दाखवा जरूर.

मान आखडलेली निघाली तर लहान मुलांसाठी काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठा. ठाण्यात आहेत, वाशीत आहेत. ऐरोलीहून दोन्ही जवळच. आठवडे घालवू नका. चौथ्या महिन्याच्या आत ताण देण्याचे व्यायाम सुरू झाले तर मान लवकर सुटते, पुढे वेळ जास्त लागतो. व्यायाम सोपे असतात, लंगोट बदलताना दर वेळी दोन मिनिटं करण्याजोगे. पण ते शिकूनच करायचे. व्हिडिओ बघून नको, आणि मावशींच्या हातूनही नको.

आता घराकडे वळू. पत्रात तुम्ही पलंगाबद्दल काही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पलंग भिंतीला लावलेला असतो आणि बाळ भिंतीच्या बाजूला झोपतं. कल्पना करा, बाळाच्या डाव्या हाताला कोरी भिंत आणि उजव्या हाताला तुम्ही, खिडकी, दिवा, जाणारी-येणारी माणसं. ते भिंतीकडे कशाला बघेल? उपाय साधा आहे. बाळाची दिशा उलटी करा. जिथे पाय असायचे तिथे डोकं. तुम्ही जागेवरच राहता, खिडकीही जागेवरच, पण आता सगळी गंमत त्याच्या डाव्या हाताला आली. आपण त्याची मान पकडून वळवायची गरज नाही, ते आपण होऊन वळतं. सध्या त्याला डावीकडे बघायला लावायचंय म्हणून बहुतेक वेळ हीच दिशा ठेवा. डोकं गोल दिसू लागलं की एक दिवस अशी, एक दिवस तशी.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते, चपटेपणापेक्षा हे जास्त गरजेचं. महिन्या-दोन महिन्यांत तो पालथा पडू लागेल. गादी आणि भिंत यांच्यातली चार बोटांची फटसुद्धा त्या वयाला घातक असते. तोवर त्याची झोपायची जागा वेगळी करा, तुमच्याच खोलीत, घट्ट सपाट गादीवर. दोन्ही बाजूंना लावलेले लोड, मऊ खेळणी, जाड दुलई काढून टाका.

दूध पाजतानाची बाजूही महत्त्वाची. अंगावर पाजताना बाजू आपोआप बदलते. बाटलीनं पाजत असाल तर बाळ कायम एकाच हातावर असतं, बहुतेकींचं डाव्या, कारण बाटली उजव्या हातात. दर वेळी हात बदला, बाळाच्या बाबांनाही सांगा. खांद्यावर घेतानाही त्याला डावीकडे बघायला लागेल असं घ्या. बाउन्सर, झोपाळ्याची खुर्ची, गाडीतली सीट यांत डोकं सगळ्यात जास्त वेळ एका जागी रुतून बसतं. गाडीतली सीट प्रवासापुरती. घरी आल्यावर त्यातच झोपलेलं राहू देऊ नका. झोळीचंही तसंच. शिवाय तिच्यात हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोळीत टाकून स्वयंपाकघरात निघून जायचं नाही.

झोपल्यावर डोकं हलकेच डावीकडे वळवून ठेवायला हरकत नाही. वळलं तर ठीक. अडलं तर जोर लावायचा नाही. अंगाखाली उशी सारून कुशीवर टेकवून ठेवणंही नको, बाळ त्यावरून पालथं लवंडतं.

जागेपणी मात्र पालथं भरपूर घाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये, रांगायला न लागलेल्या बाळांना दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं असं सांगितलंय. एकदम अर्धा तास नव्हे. तीन मिनिटं, पाच मिनिटं, दिवसातून अनेकदा. सुरुवातीला बाळ रडतं, नाक गादीत खुपसतं, आणि आई 'त्याला आवडत नाही' म्हणून सोडून देते. आवडायला वेळ लागतोच. तुम्ही तक्क्याला टेकून बसा आणि त्याला छातीवर पालथं ठेवा, तुमचा चेहरा बघायला तो मान उचलेलच. किंवा जमिनीवर चटई टाकून, छातीखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी, हात गुंडाळीच्या पुढे, आणि समोर तुम्ही आडव्या. पोट भरल्या भरल्या नको, अर्धा तास जाऊ द्या. आणि त्या चटईवर डोळे मिटू लागले की लगेच उताणं करायचं.

तुमच्या घरात याची सोय आधीपासून आहे, ते बहुधा तुमच्या लक्षात आलं नसेल. पायावर अंघोळ! मावशी पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर पालथं घेतात, पाठ चोळतात, पाणी घालतात. तेवढा वेळ बाळ मान उचलायला धडपडतं. परदेशात ज्याचे धडे द्यावे लागतात ते आपल्या न्हाणीघरात रोज चालतं. मावशींना सांगा, पाठीचं मालिश जास्त वेळ करा आणि त्याच्या डाव्या हाताला कुणाला तरी बोलायला बसवा. डोक्याला मात्र तेलाचा हात लावण्यापलीकडे काही नाही. दाबून कवटी गोल होत नाही. वाढत्या हाडांवर आणि मोकळ्या शिवणींवर रोज जोर लावणं मला तरी बघवत नाही. नाक ओढणं, टाळू 'भरून' येण्यासाठी तेल मुरवत दाबत राहणं, हेही त्याच पंक्तीतलं. टाळू आपल्या वेळेनं, बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते.

मोहरीच्या उशीबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. उशीत डोकं रुतलं की बाळाला ते वळवणंच अवघड जातं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या उलट. डोकं उचललं गेल्यामुळे हनुवटी छातीकडे झुकते, तोंड कडेला घासलं तर श्वासाला अडथळा होतो, आणि शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाका-तोंडाशी. बाजारात डोक्याला आकार देणाऱ्या, मध्ये खड्डा असलेल्या उशा मिळतात, त्याही यातच मोडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा उशा वापरूच नका असा इशारा दिला आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीत घरोघर ती उशी होती आणि मुलं मोठी झाली, त्यावर तुमच्याकडे उत्तर नसणार. डॉक्टरांनी नाही म्हटलंय असं माझ्या नावावर खपवा. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांना बाळाच्या डाव्या हाताला बसून गाणी म्हणायला सांगा. हे काम त्यांच्याइतकं चांगलं घरात कुणाला जमणार नाही.

हेल्मेटचा निर्णय आज घ्यायचाच नाही. ते साधारण चौथ्या महिन्यानंतर आणि वर्षाच्या आत वापरतात, दिवसाचे २३ तास, काही महिने. खर्च मोठा, आणि आपल्या मे महिन्यातल्या दमट हवेत घाम, वास, पुरळ. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते जास्त चपटेपणा असलेली बाळं होती. अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पूर्ण सुधारलेली मुलं हेल्मेटवाल्यांत २६ टक्के, बाकीच्यांत २३ टक्के. याचा दुसरा अर्थही प्रामाणिकपणे सांगायला हवा. थोडासा चपटेपणा बऱ्याच मुलांत उरतो, हेल्मेट घाला की न घाला. केस वाढल्यावर तो सहसा दिसत नाही. अगदी तीव्र विकृती असेल आणि मनापासून केलेल्या उपायांनी दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नसेल, तर काही मेंदू-शल्यचिकित्सक हेल्मेट सुचवतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं बाळ त्या गटात वाटत नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास गरज वाटली तर तेव्हा विचारा.

वर म्हटलेला दुर्मिळ आजार आता. कवटीची एखादी शिवण वेळेआधी जुळली तर त्या शिवणीपाशी डोकं वाढत नाही. त्याच्या खुणा: चपटेपणा जन्मापासूनच होता आणि दिशा बदलूनही वाढतोच आहे, शिवणीवर बोट फिरवलं की कडक कंगोरा लागतो, चपट्या बाजूचा कान पुढे न येता मागे खेचलेला दिसतो, टाळू फार लवकर मिटली, किंवा डोक्याचा घेर वाढायचा थांबला. यातलं काही आढळलं तर बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन लहान मुलांच्या मेंदू-शल्यचिकित्सकांना दाखवा. परळचं वाडिया हे मुलांचंच रुग्णालय आहे, ठाण्याला गाडी बदलून जाता येतं. शस्त्रक्रिया लागलीच तर ती सहसा पहिल्या वर्षात करतात, म्हणून रेंगाळायचं नाही. टाळू फुगून टणक झाली, बाळ सारखं उलट्या करतंय किंवा सुस्त पडलंय, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक रुग्णालय.

एक अडचण मला नेहमी खटकते. सरकारी लसीकरणात १४ आठवड्यांनंतरची पुढची लस थेट नवव्या महिन्यात. म्हणजे ज्या काळात डोक्याकडे लक्ष द्यायचं, नेमकं त्याच काळात बाळ कुणासमोर जात नाही. त्यामुळे तारीख तुम्हीच ठरवा. मानेसाठी याच आठवड्यात, पुढे साडेचार आणि सहा महिन्यांना. त्या दिवशी लस नसेल, रांगेत घाई नसेल, फक्त मान, डोक्याचा घेर आणि आकार बघून घ्यायचा. दर पंधरा दिवसांनी वरून एक फोटो काढा. केस ओले करून चापून बसवा, बाळ मांडीवर बसतं धरलेलं, फोटोत नाक वरच्या बाजूला, दोन्ही कान दिसायला हवेत, अंतर दर वेळी तेवढंच. रोज काढू नका, रोज बघून काही कळत नाही, झोप तेवढी उडते. आधी चपटेपणा वाढायचा थांबतो, मग हळूहळू भरतं. बाळ बसायला लागलं की वेग येतो, आणि पुढे वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहते.

पाळणाघराच्या ताईंशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. झोप उताणी, उशी नाही, डोकं कोणत्या दिशेला ते चिठ्ठीवर लिहून पाळण्याला लावा. बाउन्सरमध्ये किती वेळ ठेवतात ते विचारा. तिथे बाळं जास्त आणि हात कमी असले की खुर्चीत बांधून ठेवणं सोयीचं पडतं. जागेपणी चटईवर पालथं घालणार का, हेही विचारा. ताई 'हो हो' म्हणतील. आठवडाभरानं न सांगता दुपारी एक चक्कर मारा.

आणि जावळ खुशाल काढा. लोक चार दिवस बोलतील. मला विचाराल तर मी साडेचार महिन्यांच्या तपासणीच्या आधीच काढून घेईन, कारण केसांविना डोकं जितकं नीट बघता येतं तितकं एरवी कधीच येत नाही. त्या दिवशीचा वरून काढलेला फोटो डॉक्टरांना दाखवायला ठेवा.